नारळाचं दूध: घरचं, खोक्यातलं की पुडीतलं? नवशिक्या व्हीगन स्वयंपाकासाठी परीक्षण

व्हीगन, म्हणजे दूध-तूप-मधासकट प्राणिजन्य काहीही नसलेल्या, स्वयंपाकाला नव्याने हात घालणाऱ्यांची पहिली खरेदी बहुधा चुकते. ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या मॉलच्या फ्रीजरमधून सोयाचे नगेट्स, महागडं व्हीगन चीज, कसलंसं बाहेरदेशी सॉस घरी येतं. दोनदा खाऊन होतं, तिसऱ्या वेळी कंटाळा येतो आणि सगळा बेतच बारगळतो. खरं तर पावसाळी संध्याकाळी गरम भातावर ओतून खावंसं वाटणारं, पोट आणि मन दोन्ही भरणारं जेवण आपल्याकडे आधीपासून आहे. टोमॅटोचं सार, सोलकढी, वालाचं बिरडं. यात सायीचं, लोण्याचं, दह्याचं काम एकटं नारळाचं दूध करतं. फोडणीत तूप असेल तर तेवढं बदललं की झालं.

म्हणून हे परीक्षण त्या एकाच वस्तूचं. बाजारात ती चार रूपांत मिळते: नारळ आणून घरी काढलेलं दूध, २०० मिलीचं खोकं, ४०० मिलीचा डबा आणि पावडरची पुडी. चारही एकमेकांच्या जागी चालतात असं पाककृतींत सर्रास लिहिलेलं असतं. ते चुकीचं आहे आणि नवशिक्यांचे निम्मे पदार्थ तिथेच बिघडतात.

आधी पुडीबद्दल, कारण तिच्यात धोका आहे. नारळाचं दूध सुकवून पावडर करताना त्यातला स्नेह, म्हणजे फॅट, बांधून ठेवायला काहीतरी लागतं आणि बऱ्याच पुड्यांमध्ये त्यासाठी सोडियम केसिनेट वापरतात. केसिनेट म्हणजे गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. पुडीवर हिरवा ठिपका असतो, तो पाहून माणूस निश्चिंत होतो. पण हिरवा ठिपका फक्त शाकाहाराचा आहे, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ साली वेगळे नियम केले आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे: हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटंसं पान. ते चिन्ह नसलं म्हणजे वस्तू व्हीगन नाही असं नव्हे, साध्या नारळाच्या दुधाच्या खोक्यावर ते बरेचदा नसतंच. तेव्हा पुडी उलटी करून घटकांची यादी वाचायची. ‘केसिनेट’, ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ॲलर्जीच्या ओळीत दुधाचा उल्लेख दिसला की ती परत ठेवायची. केसिनेट नसलेली पुडी मिळाली तरी चवीत ती चौघांत शेवटची. गरम पाण्यात कालवताना गाठी होतात आणि तोंडात पिठूळपणा राहतो. प्रवासात, होस्टेलवर, जिथे फ्रीज नाही तिथे उपयोगी. घरात नको.

डबा आणि खोकं यांचा निवाडा सोपा आहे. दोन्हीत माल साधारण सारखाच, फरक मापाचा. थायलंडहून येणारे ४०० मिलीचे डबे दोन-तीन माणसांच्या घरात एका वेळी संपत नाहीत, आणि उघडलेला पत्र्याचा डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नये, दूध काचेच्या बरणीत काढावं लागतं. तेही दोन-तीन दिवसांत संपवायला हवं. २०० मिलीचं खोकं एका सारात संपतं. सुरुवातीला खोकंच घ्यावं.

घेताना आकड्याकडे बघा. नारळाच्या दुधासाठी कोडेक्सचं, म्हणजे खाद्यपदार्थांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं, जे प्रमाण आहे, त्यात ‘लाइट’ म्हणजे किमान ५ टक्के स्नेह, नुसतं ‘कोकोनट मिल्क’ म्हणजे किमान १० टक्के आणि ‘कोकोनट क्रीम’ म्हणजे किमान २० टक्के. स्वयंपाकाला १५ ते १८ टक्क्यांचं बरं पडतं. शंभर मिलीत फॅट किती ग्रॅम हे खोक्यामागच्या तक्त्यात असतं, तोच आकडा साधारणपणे टक्केवारी समजायचा. ‘लाइट’वर पैसे घालवू नका, त्यात जास्तीचं असतं ते पाणी आणि पाणी घरी आहे. साखर घातलेलं, ‘प्यायचं’ म्हणून विकलं जाणारं नारळपेय ही वेगळीच वस्तू आहे. तिचं सार गोडमिट्ट होतं.

आता घरचं दूध. याला खरा पर्याय नाही, आणि ते काढणं वाटतं तितकं अवघड नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात नारळ निवडून घेता येतो, नेरूळ-सीवूड्सकडे राहणाऱ्यांना तिथली केरळी दुकानं जवळ. निवडताना तीन गोष्टी बघा. हातात जड लागला पाहिजे, हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे आणि तिन्ही डोळे कोरडे, बुरशी नसलेले हवेत. डोळ्यापाशी ओल असेल तर आत खोबरं चिकट, आंबूस निघतं. पाणी काठोकाठ भरून अजिबात वाजत नसेल तर नारळ कोवळा असण्याची शक्यता जास्त, त्याचं दूध पातळ येतं. नारळवाल्याला नुसतं ‘नारळ द्या’ न म्हणता ‘दूध काढायचंय, जून पण पाणीदार द्या’ असं सांगावं. ते बरोबर काढून देतात.

घरात विळी नसेल तर अडून राहू नका. अख्खा नारळ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी दहा मिनिटं बाहेर काढून फोडा, करवंटीतून खोबरं सुटून येतं. पाठीवरची तपकिरी साल सोलण्याने काढून टाका. ही पायरी आळसाने सोडली तर दूध राखाडी दिसतं आणि किंचित कडवट लागतं. बिरड्यात ते खपून जातं, सोलकढीचा रंग मात्र मळकट होतो. विळीवर खवणारे साल लागायच्या आत थांबतात, म्हणून त्यांचं दूध पांढरंशुभ्र येतं.

एका मध्यम नारळाचं सुमारे अडीच कप खोबरं होतं. कप म्हणजे इथे २४० मिलीचा. मिक्सरमध्ये खोबरं आणि एक कप गरम पाणी. गरम म्हणजे बोट घातल्यावर चटका जाणवेल पण बोट काढावं लागणार नाही इतकं. उकळतं पाणी ओतणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. साधारण ८० अंशांपुढे ती प्रथिनं गोळा होतात, आधार सुटतो आणि तेल वर येतं. गार पाण्याने उलट होतं, खोबऱ्यातला स्नेह पुरता सुटतच नाही. मिक्सरही सलग चालवायचा नाही. वीस सेकंद फिरवा, थांबा, असं तीनदा. भांडं बाहेरून तापलं तर आतल्या दुधावर तेलाचे चकचकीत थेंब दिसू लागतात.

पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग मलमलच्या किंवा धुवून मऊ झालेल्या पंचाच्या तुकड्यात ओतून पिळा. गाळणीने भागत नाही, चोथ्यात अडकलेलं दूध पिळूनच येतं आणि दाट तेच असतं. पिळताना शेवटी शेवटी बोटांतून जे मलईसारखं सावकाश उतरतं, ते या सगळ्या खटाटोपाचं फळ. हे एक ते सव्वा कप पहिलं दूध. चोथा पुन्हा मिक्सरमध्ये, पुन्हा एक कप गरम पाणी, पुन्हा पिळायचं. हे दुसरं दूध. दोन्ही वेगळ्या भांड्यांत ठेवा. एकत्र केलीत तर पुढचं सगळं फसतं, कारण दुसऱ्या दुधात शिजवायचं असतं आणि पहिलं शेवटी घालायचं असतं. ताजं दूध त्याच दिवशी वापरावं, फ्रीजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. उरलंच तर गोठवा, पण गोठवलेलं दूध विरघळल्यावर फुटल्यासारखं दिसतं. रस्सा-आमटीत चालतं, सोलकढीत नाही.

पैशांचा हिशोब असा करा: एका नारळातून एका खोक्याइतकं दाट दूध आणि वर तेवढंच दुसरं दूध मिळतं. तुमच्या बाजारात नारळ खोक्यापेक्षा स्वस्त असेल तर नारळ फायद्याचा. बरोबरीचा असला तरीही फायद्याचाच.

मग खोकं कधी घ्यायचं? सारासाठी. इथे ते घरच्या दुधापेक्षाही सरस ठरतं. टोमॅटो आंबट आणि सार गरम, हे दोन्ही नारळाच्या दुधाचे वैरी. आंबटपणानेही तीच प्रथिनं गोळा होतात, वर उष्णता मिळाली की क्षणात दाणे दिसतात. खोक्यातल्या दुधात गवार गम किंवा तत्सम घट्ट करणारे पदार्थ असतात, ते तेलाला धरून ठेवतात. पहिल्याच प्रयत्नात न फुटलेलं सार होणं नव्या माणसाला फार गरजेचं असतं, आणि खोकं त्याची जवळपास हमी देतं.

अर्धा किलो लालबुंद टोमॅटो आठ-दहा मिनिटं उकडा, सालं काढा, वाटून गाळा. त्यात दीड कप पाणी, एक चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, एक मोठा चमचा चिरलेला गूळ घालून पाच मिनिटं उकळू द्या. चव घ्या. गावठी टोमॅटो जास्त आंबट असतात, गूळ वाढवायचा तर आत्ताच, दूध घातल्यावर नाही. तिकडे एका वाटीत खोक्यातलं २०० मिली दूध आणि एक लहान चमचा तांदळाचं पीठ गुठळी न राहता कालवा. आता गॅस अगदी बारीक करा आणि सारातला एक डाव गरम रस त्या दुधात घालून ढवळा, मग आणखी एक. दूध असं कोमट झाल्यावर ते सारात ओतायचं, सारखं ढवळत. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. खदखदू द्यायचं नाही. फोडणी शेवटी: एक मोठा चमचा खाण्याचं खोबरेल, अर्धा चमचा जिरं, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, एक सुकी मिरची. तुपाची आठवण काढणाऱ्यांना हिंग-जिऱ्याची ही फोडणी पुरते. जिरं नीट फुलू द्या, करपवू नका, सगळा वास तिथेच आहे.

फुटलंच तर? टाकून देऊ नका. थोडं निववून हँड ब्लेंडरने अर्धा मिनिट फिरवा, बहुतेक वेळा जुळून येतं. उकळतं सार मिक्सरच्या बंद भांड्यात मात्र कधीही घालू नका, वाफेने झाकण उडतं.

सोलकढीला खोकं चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालतं, पण मनापासून सांगायचं तर मजा जाते. घट्ट करणाऱ्या पदार्थांचा एक बुळबुळीत लेप जिभेवर राहतो, आणि उच्च तापमानाला तापवून भरल्यामुळे शिजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. रस्सा तापवताना तो वास कळत नाही, थंड सोलकढीत मात्र पहिल्या घोटाला कळतो. पर्यायच नसेल तर खोक्यातल्या दुधात तितकंच पाणी घालून पातळ करा आणि लसूण-मिरची जरा वाढवा. घरच्या दुधाची करताना दहा-बारा आमसुलं अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, गाळा, आणि पहिलं-दुसरं मिळून दोन कप दुधात वाढण्याच्या आधी मिसळा. एक लसणाची पाकळी, अर्धी हिरवी मिरची, पाव चमचा जिरं वाटून, मीठ, कोथिंबीर. बाटलीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, वापरत असाल तर ते खारट असतं, मीठ चाखून घाला. सोलकढी गरम करायची नाही, आणि करून तासन्‌तास ठेवायचीही नाही. आंबटाने ती हळूहळू फुटते, वर दाट थर आणि खाली गुलाबी पाणी.

घरच्या दुधाचा खरा मान मात्र वालाच्या बिरड्याला. ठाण्यात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरं जुनी आणि पुष्कळ, मटण-मासळीच्या कौतुकात वाढलेली ही मंडळी बिरड्यालाही तितक्याच मानाने ताटात घेतात. मुळातच यात प्राणिजन्य काही नाही. व्हीगन जेवणात ‘काहीतरी कमी’ वाटतं म्हणणाऱ्याला हा पदार्थ खायला घालावा.

वाल कडवे घ्या, रायगडकडचे लहान दाण्याचे. गोडे वाल मोठे असतात, शिजतातही लवकर, पण त्यांना तो किंचित कडसर खमंगपणा नाही. पाव किलो वाल दहा-बारा तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. उन्हाळ्या-पावसाळ्यात वीस-चोवीस तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागू शकतो. चिकटपणा किंवा उग्र वास आला तर दाणे उतरले, ते टाका. मोड आल्यावर पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून अंगठा आणि तर्जनीत दाणा दाबायचा, सोललेला दाणा, म्हणजे डाळिंबी, सुळकन बाहेर येते. गणंग राहिलेले दाणे वेचून काढा, ते कितीही शिजवले तरी दातांखाली खडा लागतो. वेळ नसेल तर बाजारात सोललेलं बिरडं तयार मिळतं. ते सकाळी घ्या आणि घेताना वास घ्या. कच्चे वाल मोड आले म्हणून कोशिंबिरीत टाकू नका, हे कडधान्य पूर्ण शिजवूनच खायचं असतं.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की दीड चमचा तिखट आणि लगेच डाळिंब्या, तिखट नुसत्या तेलात करपतं. हलक्या हाताने परता, मग गरम केलेलं दुसरं दूध दाणे जेमतेम बुडतील इतकं. कमी पडलं तर गरम पाणी. झाकणाऐवजी वर ताट ठेवा आणि त्या ताटात पाणी ओता. ताट वाफेपेक्षा गार राहिल्याने आतली वाफ त्याला लागून परत खाली ठिबकते, दाणे करपत नाहीत आणि आत टाकायला गरम पाणी हाताशी तयार असतं. मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं. कुकर नको, एका शिट्टीत लगदा होतो. डावाने ढवळायचंही नाही, फडक्यात धरून पातेलंच हलवायचं, नाहीतर डाळिंबीचे दोन तुकडे होतात आणि रस्सा पिठाळतो.

दाणा बोटांत सहज चेपला जायला लागला की मगच चार-पाच आमसुलं, एक मोठा चमचा गूळ आणि मीठ. आमसूल आधी घालणं ही बिरडं बिघडवणारी नेहमीची चूक, आंबटात कडधान्य मऊ होत नाही, दाणे तासभर शिजवले तरी टणक राहतात. पाच मिनिटांनी गॅस बंद करून पहिलं दूध ओता, पातेलं हलवा, ताट पुन्हा ठेवा. इथे दूध थोडं फुटलं, कडेला तेलाचा पिवळसर तवंग आला, तर बिघडलं नाही. साराला जो दोष तो बिरड्याला शोभा.

खोक्यातल्या दुधाचं बिरडं होतं, खाल्लंही जातं. पण शिजवायला दुसरं दूध मिळत नाही, पाण्यात शिजलेले दाणे आणि वरून ओतलेलं दूध वेगवेगळे लागतात. खोकंच असेल तर पाऊण खोकं दीड कप पाण्यात मिसळून त्यात शिजवा, उरलेलं शेवटी घाला.

चहासाठी नारळाचं दूध घेऊ नका. वास चहावर चढतो आणि वर तेल तरंगतं. चहाला ओट किंवा साखर नसलेलं सोयाचं दूध बरं. आलं-चहापत्ती पाण्यात उकळून गाळून घ्या आणि दूध वेगळं गरम करून त्यात घाला, उकळत्या चहात थंड सोया दूध ओतलं की ते फाटतं.

आणि एक सांगायलाच हवं. नारळाचं दूध सायीची जागा घेतं, दुधाच्या पोषणाची नाही. १७ टक्क्यांच्या एका खोक्यात ३४ ग्रॅम स्नेह असतो, प्रथिनं अगदी थोडी. प्रथिनं वालातून, मटकीतून, तुरीतून येऊ द्या. बी १२ जीवनसत्त्व या ताटात कुठेच नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

पहिल्या आठवड्यासाठी खरेदी इतकीच: दोन खोकी सारासाठी, एक नारळ, पाव किलो कडवे वाल, आमसुलं. बिरडं करून दोन तास मुरू द्या, तोवर आमसुलाचा आंबटपणा दाण्यात उतरतो. पुन्हा तापवताना उकळी आणू नका, वाफ दिसली की वाढा, सोबत मऊ भात. पिळून राहिलेला चोथा फेकू नका. कोरड्या तव्यावर मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत भाजा, दोन सुक्या मिरच्या, चार लसणाच्या पाकळ्या, चिमूटभर चिंच आणि मीठ घालून मिक्सरमध्ये फिरवा. पूर्ण कोरडा भाजला असेल तर ही चटणी फ्रीजमध्ये आठवडाभर राहते.